संदर्भसूचीतली कानबाई

हॅलो?… हो, डिंडोलीच. उज्ज्वला बोलतेय… कोण, नूतनताई? अहो, किती लांबून येतोय आवाज… मी हळूच बोलते हं, आईंचा डोळा आत्ताच लागलाय.

सरांनी पाहिला प्रबंध?… सगळा? मग सही?… नाही केली? का हो?

…कोण माता?

हो. हो… मागच्या इंग्रजी यादीत, मारफतिया आणि माथुर यांच्या मधे. ‘माता, के., एकोणीसशे एकाहत्तर’. बरोबर… अगबाई, छापली गेली ती?

नाही, नाही, रागावू नका, ऐका ना… बाई आहेत की बुवा, असं विचारलं सरांनी? आणि कुठल्या विद्यापीठातल्या?… मग तुम्ही काय सांगितलंत?… वहिनीला विचारते म्हणालात. बरं केलंत.

नूतनताई, ती आपली कानबाई आहे. देव्हाऱ्यातली.

…हॅलो?… आहात ना?

अहो, थट्टा कशी करेन? त्या दिवशी भूपेंद्ररावांनी ते संदर्भांचं सॉफ्टवेअर बसवून दिलं आणि तुम्हाला घेऊन बारडोलीला गेले. मी एकटीच बसले समोर. पडदा कोरा करकरीत. तो म्हणतो, लेखकाचं नाव लिहा. आता कोऱ्या जागी पहिलं नाव कुणाचं लिहायचं, तुम्हीच सांगा… तेच ना. माणसाचं नाव हातून उमटेचना. कानबाई माता, असं लिहिलं. त्याने शेवटचा शब्द आडनाव धरला, त्याला मी काय करू?

…साल? त्याने विचारलं म्हणून टाकलं. आईंनी शिरपूरहून तिला ओटीत बांधून सुरतेला आणलं, ते साल.

थांबा, अजून आहे. सांगूनच टाकते, मनाला टोचतंय… ती नुसती यादीत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी आहे. सहाही… तुम्हाला दिसणार नाही, पांढऱ्या अक्षरांत ठेवली आहे. कागदावर उमटत नाही… कशी म्हणजे? तुमचे बाकीचे संदर्भ टाकले तशीच. मेनूत जायचं, यादीतलं नाव निवडायचं, एन्टर दाबायचं, की वाक्याच्या शेवटी कंसात नाव आणि साल येऊन बसतं. तसंच आधी तिला बसवायची, मग तुमचं पहिलं वाक्य… वेडेपणा काय त्यात? नेम आहे माझा. तिचं नाव घेतल्याशिवाय मी गॅस पेटवत नाही, तुमचा प्रबंध कसा उघडणार?

पण एक मला माहीत नव्हतं हो. आत ज्याचं नाव घेतलं, त्याला ते शेवटच्या यादीत आपण होऊन नेऊन बसवतं. काळ्या अक्षरांत. कुणालाही विसरत नाही… हो, हो, पण ऐका ना. यादी पहिल्यांदा जमली ना, तेव्हा अशीच दुपार होती. बाहेर मागांची खटखट, घरात धुपाचा वास राहिलेला… आणि एकेक नाव वरून उतरल्यासारखं येऊन ओळीत बसत गेलं. मला वाटलं, मी झोपेतच आहे. एवढी शिकलेली माणसं सगळी, आणि मधे आपली माय. काही चुकलंय, असं मनातच आलं नाही.

…हो. कळतंय. पाचच्या आत जमा करायचं… सर रात्रीच्या गाडीने जाणार… आज नाही तर नोंदणीच रद्द? अरे देवा… पाच वर्षं, हो, मला माहीत नाही का? दीडशे संदर्भ याच बोटांनी भरलेत.

काढते म्हणजे… कसं काढू?

डिलीट येतं हो मला! तसं नाही. तिचं लिहिलेलं नाव या हाताने पुसायचं नाही, असा नेम आहे. सकाळी पाटावर कुंकवाने लिहिते, तेसुद्धा कधी पुसत नाही, पाणी सोडते… भूपेंद्रराव काढतील? नको. घरची देवी जावयाच्या हातून घालवायची का?… निघालेसुद्धा? फ्लॉपी न्यायला?… वीस मिनिटं झाली?

…अं?… काही नाही. कर्सर बघत होते. लुकलुकतोय. वात मंद होते ना, तसा.

नूतनताई… श्रावणात रात्र जागवून सकाळी आपण तिला तापीवर विसर्जनाला नेतो. तेव्हा कुणी म्हणतं का, की घालवली म्हणून?… मग. तेच म्हणते मी. पोचवायची तिला… नाही, फोन ठेवू नका. वायर लांब आहे, कॉम्प्युटरपर्यंत येते. अक्षता घेते फक्त.

…आले. हळद-कुंकू लावलं… कुठे म्हणजे? मॉनिटरला. हसा, हसा, पण हात जोडा… सर बघताहेत तर बघू देत. एकच हात टेकवा छातीशी, दुसऱ्यात फोन आहे ना.

पहिलं प्रकरण… निघाली. कंसही गेला बरोबर. दुसरं… तिसरं, ते तुमचं मागावरच्या बायकांचं…

अगबाई. आई उठल्या. दारात उभ्या आहेत… आई, नूतनताई आहेत फोनवर. कानबाईला पोचवतोय… कॉम्प्युटरमधे होती.

…नाही हो, काहीच विचारलं नाही त्यांनी. डोक्यावर पदर घेतला नुसता… ऐकलंत? ऐकलंत काय म्हणाल्या? “जाय माय, पुढला सालले येजो.”

…चार. पाच. सहा… आता यादी पुन्हा जमवते. वेळ घेतंय, थांबा… झाली. मारफतिया… आणि लगेच माथुर. मधे फटसुद्धा नाही हो. इथून कुणी उठून गेलंय, असं कुणाला वाटणार नाही.

…नूतनताई? रडताय?… अहो, सरांच्या घरी आहात ना… पुसा डोळे. सही घ्यायची आहे.

हॉर्न वाजला. भूपेंद्ररावच… हो, हो, दोनदा सेव्ह केलं. काढली फ्लॉपी, हातातच आहे… नाही हो, आता आत कुणी नाही. नुसते लेखक आहेत.

ठेवते.