बाहेरून कोण मारणार?

सुईत दोरा ओवता येईना म्हणून शिंपीणबाई डोळ्यांच्या दवाखान्यात आल्या होत्या. थेंब घातल्यापासून त्या बाकावर डोळे गच्च मिटून बसल्या होत्या, त्यामुळे शेजारचे दोघे त्यांना नुसते ऐकू आले. खरखरीत आवाज बास्केटबॉलच्या कोचचा होता आणि दबका त्याच्या खेळाडूचा.

“बाद फेरीत समोरचे सगळे रिंगखाली भिंत करून उभे राहतात. आपले तिघे ताडमाड उंच, पण तिथे अडकले की बाहेरून कोण मारणार? तूच ना?”

“सर, दुसरं कोणीतरी तयार करा.”

“दहा दिवसांत? आणि परवा लांबून सहा बास्केट मारल्यास, त्या काय डोळे मिटून?”

“ते आपलं कोर्ट होतं, सर. तिथे पायाखालच्या रेघेवरून रिंग कुठे ते कळतं. बाद फेरी समोरच्यांच्या कोर्टवर आहे.”

“म्हणजे रिंग दिसत नाही तुला?”

“जिकडे बघतो तिथेच डाग येतो. कडेकडेचं दिसतं, म्हणून पास तेवढे झेलतो.”

“मग चष्मा लाव की!”

“चष्म्याचं काम नाही म्हणाले. वाढतच जाणार.”

“कधीपासून आहे हे?”

“वर्ष झालं.”

“आणि मला आज सांगतोस?”

“आधी सांगितलं असतं तर खेळवलं असतंत?”

बाक करकरला. बाईंनी डोळे आणखी घट्ट मिटले.

“इकडे बघ. नीट माझ्याकडे बघ.”

“बघतोय, सर.”

“मग? दिसतो का मी?”

“कान दिसतात, सर. दोन्ही.”