आधी डोळे, मग दार

मंडळी, ऐका! आज एक साधा प्रश्न विचारतो. देवाला नमस्कार करताना डोळे मिटावेत, की उघडे ठेवावेत?

मिटावेत! बघा, पहिल्या रांगेतले आजोबा लगेच बोलले. आजोबा, तुमचे तर मघापासून मिटलेलेच आहेत! बरं, मायबहिणींचं काय म्हणणं? मिटावेत. मृदंगवाले, तुमचं? मिटावेत. वा! सगळ्या मांडवाचं एकमत. ग्रामपंचायतीत कधी होत नाही ते इथं झालं!

मग आता पुढचं सांगा. एका माणसानं डोळे मिटून, अगदी मनापासून नमस्कार केला, आणि त्या नमस्कारातच दुसऱ्याचा हात मोडला — तर तो नमस्कार देवाला पोचला का?

का हो? आता का गप्प?

अवघड आहे. मलाही अवघड गेलं. म्हणून पुराणात शिरत नाही. शेजारच्या तालुक्याच्या गावात, अगदी आपल्यासारख्याच पेठेत घडलेली गोष्ट सांगतो. उशिरा सुरू करतोय, त्याबद्दल रागावू नका. माझ्या धोतराचा काठ बघा, चिखलानं माखलाय. आमचा गाडीवान हट्टी! मांडवापर्यंत गाडी येत असताना त्यानं ती बाजाराच्या मैदानात लावली आणि म्हणाला, 'महाराज, उतरा. चाला.' ह्या वयात मला! असो. त्याचं नंतर बघू.

तर त्या गावात रंगनाथ नावाचा एक माणूस. सगळे त्याला रंगाअण्णा म्हणायचे. ह्याची वडापची जीप. वडाप म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको! आत मुंगीला जागा नसते आणि हा दारात उभा राहून ओरडतो, 'चला, रिकामी आहे, रिकामी आहे!' पण माणूस निर्मळ हां! म्हाताऱ्यांना हात धरून बसवायचा. बाळंतिणीला पुढची सीट द्यायचा. बिडी नाही, तंबाखू नाही. आणि शनिवार चुकवायचा नाही. शनिवारी सकाळी पेठेतल्या मारुतीला तेल आणि रुईची माळ घातल्याशिवाय पहिली खेप भरायचा नाही.

आता ते देऊळ कुठं? पेठेच्या ऐन वळणावर! एकीकडं भांड्यांची दुकानं, दुकानांच्या घागरी रस्त्यावर. पुढं केळीवाल्यांच्या हातगाड्या. उरलेल्या वाटेतून एसटी जाते, ट्रॅक्टर जातो, शाळेची पोरं जातात, नवरदेवाची वरातही जाते. आणि त्या वळणावर, देवळाच्या पायरीला लागून, दर शनिवारी रंगाअण्णाची जीप उभी!

पुजारी म्हणायचे, 'अण्णा, जरा पुढं लाव की. लोकांना वळता येत नाही.'

हा म्हणायचा, 'काका, दोनच मिनिटं! दर्शन घेतो आणि निघतो.'

दोन मिनिटं! मंडळी, ही दोन मिनिटं मी आयुष्यभर ऐकत आलोय. औषध घ्यायला दोन मिनिटं, वडापाव घ्यायला दोन मिनिटं, फोनवर बोलायला दोन मिनिटं. आणि गाडी कुठं? दुसऱ्याच्या दारात! स्वतःच्या दारात कुणी लावली, की मग मात्र बघा यांचा आवाज!

रंगाअण्णाची एक सवय होती. चांगली सवय, तुमच्या-माझ्यासारखी. जीप थांबवली, की काचेतून देवळाचा कळस दिसायचा. लगेच हा हात जोडायचा, डोळे मिटायचा, 'मारुतीराया, सांभाळ रे बाबा' म्हणायचा. आणि डोळे उघडायच्या आधीच ह्याचा हात दाराच्या मुठीवर जायचा. गडबड ना! पहिली खेप भरायची असायची.

त्या शनिवारी तसंच झालं. हात जोडले. डोळे मिटले. 'मारुतीराया, सांभाळ...' आणि खाड्‌कन दार उघडलं!

धाड!

मागून सायकलवर द्वारकाकाकू येत होत्या. त्यांची ओळख करून देतो. द्वारकाकाकू म्हणजे पेठेत ज्यांची खानावळ, त्या. घरातच चूल, आणि काकूंच्या हातची भाकरी! बँकेतली एकटी राहणारी माणसं, कॉलेजची पोरं, एक म्हातारे मास्तर, सगळ्यांना त्या डबा द्यायच्या. नवरा गेल्यावर ही बाई पन्नाशीत सायकल शिकली, मंडळी! पदर खोचायचा, दोन्ही बाजूंना डबे अडकवायचे, आणि घंटी वाजवत निघायचं. सुरुवातीला पेठ हसली. नंतर त्याच पेठेनं डबा लावला.

तर दार उघडलं, आणि काकू सायकलसकट रस्त्याच्या मधोमध. डबे गडगडत गेले. आमटी सांडली, भाकऱ्या धुळीत. आणि समोरून वळणावर आली एसटी! जीप आडवी, ड्रायव्हरला वळणापलीकडचं दिसणार कसं? त्यानं ब्रेक दाबला. आतली माणसं एकमेकांवर आदळली. चाक थांबलं ते काकूंच्या पदरावर. पदरावर, मंडळी! वीतभर पुढं काकूंचं डोकं.

रंगाअण्णाच्या मांडीवरची तेलाची वाटी तिथंच पडली. ओरडता येईना, हलता येईना. काकूच म्हणाल्या, 'अरे बघत काय बसलास? उठव मला!'

दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवं मनगट मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, 'प्लास्टर घालतो. हाड जुळेल. पण हात पूर्वीसारखा फिरेलच असं सांगता येत नाही.'

माझ्या मायबहिणींना मी वेगळं सांगायला हवं का, भाकरी कशानं थापतात? ह्या मनगटानं! त्या हातावर ती बाई उभी होती. हात गेला, तर चूल गेली. चूल गेली, तर ह्या वयात कुणाच्या दारी जायचं?

संध्याकाळी रंगाअण्णा नारळ घेऊन काकूंच्या घरी गेला. उंबऱ्यावर उभा. मान खाली. म्हणाला, 'काकू, चुकलं. पर मी वाईट मनानं न्हाई केलं. देवालाच हात जोडत होतो. त्याच्याच मनात काय असंल ते...'

आणि काकू कडाडल्या! 'थांब! दार मारुतीनं उघडलं का रे?'

ह्यानं नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला.

'बोल ना! मारुती आला व्हता का गाडीतनं उतरायला? दार तू उघडलंस. गाडी तू लावलीस. पुजारी सांगत व्हता, तू ऐकलं न्हाईस. आन् आता त्याच्या माथी मारतोस? त्यो नारळ घेऊन जा. मला नारळ फोडता येत न्हाई आता.'

रंगाअण्णा उंबऱ्यावरच बसला आणि रडायला लागला. मोठ्या मिशांचा माणूस, पण लहान पोरासारखा रडला. आणि काकू? त्यांचा राग उतरला नव्हता हां! पण भुकेल्याला आणि रडणाऱ्याला दारात ताटकळत ठेवायची त्यांना सवय नव्हती. म्हणाल्या, 'रडून माझा हात जुळणार हाय का? ऊठ. जाऊबाईनं भाकऱ्या केल्यात. मास्तर उपाशी बसले असतील. त्ये डबे घे आन् पोचव.'

'जीप घेऊन येतो...'

'जीप? पेठंत? अजून हौस फिटली न्हाई? सायकल हाय माझी. वाकडी झालीय, पर चालती.'

आणि मंडळी, दुसऱ्या दिवसापासून गावानं काय बघावं! वडापचा बादशहा रंगाअण्णा बायकांच्या सायकलवर! गुडघे हँडलला लागतायत, दोन्ही बाजूंना डबे खुळखुळतायत. वडापवाले दोस्त शिट्ट्या मारतायत. 'अण्णा, आमटी सांडली! अण्णा, एक सीट हाय का?' हा मुकाट चाललाय. जीप भावाला चालवायला दिलेली.

पण खरी गंमत पुढंच. गंमत कसली, डोळे उघडले त्याचे! ज्या पेठेतून तो वर्षानुवर्षं जीप हाकत होता, ती पेठ त्यानं पहिल्यांदा बघितली. जीपच्या काचेतून ही पेठ कशी ऐसपैस दिसायची! आणि सायकलवरून? कडेनं जावं, तर कडेला गाडी उभी. तिला वळसा घालावा, तर मागून हॉर्न. 'ए, मरायचंय का?' टेम्पोवाला मागं न बघता टेम्पो मागं घेतोय. मोटारसायकलवाला मान वाकडी करून, खांद्यावर फोन दाबून चाललाय. ह्यांची मान सरळ झालेली मी तर बघितलीच नाही! आणि देवळापाशी आलं, की जो तो हँडलवरचा एक हात काढून छातीला लावतोय, कपाळाला लावतोय. नजर कळसाकडं, चाक रस्त्यावर! रंगाअण्णाला पहिल्यांदा भीती वाटली. रोज वाटायला लागली. हीच भीती काकू रोज पदरात बांधून फिरत होत्या. आणि ती भीती घालणाऱ्यांतला मी एक, हे त्याला आतून टोचायला लागलं.

एका शनिवारी तो डबे घेऊन त्या वळणावर आला. पायरीला लागून, नेमकी त्याच जागी, एक चकचकीत मोटार उभी. बाजूच्या आरशात त्याला आतला माणूस दिसला. हात जोडलेले. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर केवढा भाव! रंगाअण्णा जागच्या जागी थबकला. त्या आरशात तो स्वतःलाच बघत होता ना! त्या दिवशी त्यानं स्वतःच्या जीपच्या आरशात बघितलं असतं, तर मागून येणाऱ्या काकू दिसल्या असत्या.

त्यानं पाय टेकला. आणि दार उघडलं, खाड्‌कन! सायकलच्या चाकापुढं बोटभर अंतरावर येऊन थांबलं.

मोटारीतला गृहस्थ काय म्हणाला असेल? 'क्षमा करा' म्हणाला असेल? छे! म्हणाला, 'अहो, बघून चालवा की!'

एरवीचा रंगाअण्णा असता, तर त्यानं कॉलर धरली असती. पण त्यानं दारावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, 'साहेब, नमस्कार करा. माझाबी सांगा त्याला. पर आधी डोळे उघडा, मग दार उघडा. हितं माझ्या हातनं एका बाईचा हात मोडलाय.'

तो गृहस्थ खाली उतरायचा थांबला. वरमला बिचारा. गाडी सुरू केली आणि पुढं मैदानात नेऊन लावली. रंगाअण्णा तिथंच उभा राहिला, डबे गार होईपर्यंत. येईल त्या गाडीला हात जोडून सांगत, 'इथं नको दादा, मैदानात लावा. आरशात बघा, मग उतरा.' त्या दिवशी मास्तरांना गार आमटी मिळाली आणि अण्णाला काकूंच्या शिव्या!

पुढं प्लास्टर निघालं. मनगट थोडं आखडलं ते आखडलंच. काकूंनी पुन्हा पीठ मळलं, पहिली भाकरी थापली. एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ, आणि आकार? गोल काही होईना! पण फुगली, बरं का. टम्म फुगली! काकूंनी ती रंगाअण्णाच्या ताटात टाकली.

त्यानं भाकरी मोडली. म्हणाला, 'काकू, मला माफ केलंत का?'

काकू म्हणाल्या, 'माझ्याकडनं झालं माफ. मनगटाचं मला ठावं न्हाई. थंडी पडली, की त्ये तुझं नाव घेतं.'

ऐकलंत? ह्याला म्हणतात खरं बोलणं. माफी मिळाली, मंडळी, पण हात काही पूर्वीसारखा फिरला नाही. मारुतीराया लाख दयाळू. पण मोडलेलं मनगट तो पूर्वीसारखं करून देत नाही, तसं दार उघडायच्या आधी तो तुमचा हातही धरत नाही. डोळे त्यानं तुम्हाला दिलेत. ते उघडायचं काम तुमचं!

आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडं येतो. डोळे कधी मिटावेत? गाभाऱ्यात मिटा. घरी देवघरापुढं मिटा. रस्त्यावर मात्र मिटलात, तर तुमच्या मागून सायकलवर जो येतोय, तोच देव आहे, आणि त्याच्याच अंगावर तुम्ही दार उघडताय!

का हो, माना डोलावताय? छान! डोलवा, डोलवा. आता मला एक सांगा. इथं येताना रस्त्याच्या तोंडाशी तुम्हाला एक माणूस भेटला असेल. मोठ्या मिशा, डोक्याला मफलर, हातात बॅटरी. तो म्हणाला असेल, 'दादा, गाडी मैदानात लावा, इथं वळण हाय.' भेटला ना? मग काय उत्तर दिलंत त्याला? एक जण म्हणाला, 'तू कोण सांगणारा?' एक जण म्हणाला, 'दोनच मिनिटं!' अरे बाबांनो, कीर्तन दोन मिनिटांचं असतं का? माझं तरी कधी झालंय का?

तो रंगाअण्णा आहे, मंडळी. माझा गाडीवान. तोच, ज्यानं मला चिखलातून चालवलं.

वडाप सोडून तो माझ्यासोबत फिरतोय. गावोगावी मला मांडवात सोडतो आणि स्वतः रस्त्यावर उभा राहतो. कीर्तन संपून शेवटची गाडी निघेपर्यंत हलत नाही. माझी इतकी कीर्तनं झाली, पण ह्या माणसाला एक आरती मिळाली नाही हो! टाळांचा आवाज आला, की तिथूनच हात जोडतो. डोळे उघडे ठेवून!

आज महाप्रसादाला ज्या भाकऱ्या आहेत, त्या द्वारकाकाकूंकडून आल्यात. वाकड्या दिसतील. नावं ठेवू नका.

आरतीचं ताट तयार आहे? असू दे. निरांजन लावू नका. टाळकरी, थांबा. ज्यांच्या गाड्या वळणावर आहेत, त्यांनी उठा. लाजू नका, मी नावं घेत नाही. उठा, जा, मैदानात लावून या. देव थांबेल, त्याला घाई नाही. रस्ता मोकळा झाला, की त्या माणसाच्या हातातली बॅटरी घ्या आणि त्याला म्हणा, 'अण्णा, आत चला.'

तो आत आला, की आरती.