कानाईंकडची स्पॅगेटी

नाही, पोटबिट काही बिघडलेलं नाही माझं, तोंड असं झालंय ते रविवारच्या जेवणामुळं — चहा ठेवा तिथं, तो गोड बन मात्र नको, खाण्याकडे बघवत नाही अजून — आणि शिंबोरी-सान, तुम्ही ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. आमच्या थडग्यावर यांच्या नावाशेजारी माझं नाव कोरलंय ना तुम्ही, लाल रंग भरून, मी अजून जिवंत आहे म्हणून — ते काढून टाकायचं. मेल्यावर लाल रंग धुतात, ठाऊक आहे मला, मी रंगाचं नाही बोलत, नावाचं बोलतेय. अख्खं फुसाए. छिन्नीनं उडवा नाहीतर आणखी कशानं, दगड फोडणं तुमचं काम. मला यांच्या शेजारी जायचं नाही. माहेरी, वाकायामाला, आमच्या घराण्याचं थडगं आहे, समुद्र दिसतो तिथून, भाऊ मला नाही म्हणणार नाही.

भांडण कसलं, मेलेल्या माणसाशी कोण भांडतं. ऐका तर. शुन्पेईचा फोन आला — माझा मुलगा, यांच्या अस्थी ठेवल्या तेव्हा आला होता बघा, तो उंच — म्हणाला, आई, रविवारी दुपारी कानाईंच्या हॉटेलात जेवायला ये, मिओरीचे आईवडीलही असतील. मिओरी म्हणजे त्याची ती, कानाईंची एकुलती एक. म्हटलं, लग्नाचं बोलायचं तर नीट कुठंतरी बोलवा माणसाला, तातामीच्या चटईवर बसवा, सूप येऊ दे, मासा येऊ दे — स्पॅगेटी ओढत सोयरीक जमवतात का कुठं? या ताकासाकीत जमवतात बहुतेक. तुम्ही इथलेच, तुम्हाला काही वाटायचं नाही, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, जिकडे वळावं तिकडे स्पॅगेटी, आणि तीसुद्धा इटलीवाल्यांसारखी खातील तर शपथ. तिच्यावर सोया सॉस ओतायचा, तिच्यात मिसोचं खारट आंबवण कालवायचं, माशाची खारवलेली गुलाबी अंडी लोण्यात फेटून माखायची, वरून समुद्री शेवाळाची कात्रणं भुरभुरायची. आमच्याकडे मांजरासमोर ठेवलं असतं तर तेही वास घेऊन निघून गेलं असतं.

गेले. चांगला राखी किमोनो नेसून गेले, चूक झाली ती पण, कारण आत पाऊल टाकलं तसा लसणीचा आणि जळक्या लोण्याचा भपकारा असा आला, की किमोनो अजून बाहेर वाळत टाकलाय मी. टेबल पुसलेलं होतं पण चिकट — हाताला कळतं ना. कानाई-सान स्वतः स्वयंपाकघरातून आले, ॲप्रनला हात पुसत, आणि त्याच ॲप्रननिशी माझ्यासमोर बसले. म्हणाले, या विहीणबाई, लाजू नका, घरचंच समजा. विहीणबाई. अजून ठरलं काही नाही आणि हे मला विहीणबाई म्हणतायत. बायको त्यांची तोंडावर हात धरून हसते प्रत्येक गोष्टीला, पाऊस पडेल म्हटलं तरी हसते. आणि कानाई-सान खातात कसे, तर सोबाच्या शेवया ओढाव्यात तसे, सूं सूं करून, मान खाली, आणि ती गुलाबी अंडी मिशीला चिकटलेली, बोलता बोलता त्यातली दोन-चार टेबलावर. मी आपली काट्याला गुंडाळून एकेक घास घेत होते. माझ्यापुढे समुद्रातल्या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याचं पिवळं मांस सायीत घोटून घातलेली स्पॅगेटी होती. गार व्हायला लागली तशी तिच्यावर साय धरली.

मग शुन्पेई बोलला. काटा खाली ठेवला, गुडघ्यांवर हात ठेवले, आपण काही चूक केली की लहानपणी बसायचा तसा बसला, आणि म्हणाला, आई, मी नगरपालिकेची नोकरी सोडतोय. हॉटेल मिओरी आणि मी सांभाळणार. आणि नाव मी त्यांचं लावणार, कानाई.

एकच मुलगा मला. मी म्हटलं, आणि नेगिशींचं थडगं कोण झाडणार? तर कानाई-सान घास चावता चावता म्हणतात, आम्ही सगळे मिळून झाडू की विहीणबाई, त्यात काय, तुमचे मोरिहितो-सान आमचेही होते.

तुम्ही कप खाली ठेवलात ना आत्ता, तसाच मी काटा खाली ठेवला. म्हटलं, आमचेही म्हणजे? तर त्या माणसाला वाटलं मला ठाऊकच आहे. हौसेनं उठला, आत गेला, आणि एक ताटली घेऊन आला, दोन्ही हातांत धरून, देवळात नैवेद्य न्यावा तशी, आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाला, तुमच्या यांची नेहमीची.

नात्तो. शिंबोरी-सान, नात्तोची स्पॅगेटी. कच्चं अंडं, कांद्याची पात, आणि ढिगानं ते आंबवलेलं, बुळबुळीत, तारा सुटणारं सोयाबीन. तुम्ही इकडची माणसं सकाळी उठून भातावर घेता ते, घ्या, पण आमच्या वाकायामात असं काही डब्यात सापडलं तर खराब झालं म्हणून फेकून देतात. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी यांनी असला एक डबा उघडला होता माझ्यासमोर. पायातल्या मोज्यांचा वास येतो ना, तसा. मी म्हटलं, हा डबा या घरात राहील नाहीतर मी. हे हसले, उठले, डबा बाहेर टाकून आले, म्हणाले, मला तरी कुठं फारसं आवडतं, सवय आपली. आणि पुन्हा कधी नाव नाही काढलं. हे मी जगाला सांगत आले, कळलं का — दुकानातल्या बायकांना, बहिणीला, माझ्या आईला मरताना सांगितलं, की आई, काळजी करू नकोस, माणूस इतका समजूतदार आहे की माझ्यासाठी नात्तो सोडला त्यानं.

सोडला कसला. दर रविवारी. मी किमोनोच्या दुकानात कामाला, रविवारी सुट्टी कुठली मिळायला, आणि बापलेक कानाईंकडे. शुन्पेई पहिलीत असल्यापासून. बापाची मोठी ताटली, लेकाची छोटी. कानाई-सान सांगतायत, बायको हसतेय — म्हणे तुमचे हे म्हणायचे, फुसाएला कळलं तर मला वाकायामाच्या समुद्रात बुडवेल. सगळे हसले. शुन्पेईसुद्धा हसला. माझ्या पोरानं घरी नात्तोचं नाव निघालं की नाक दाबलंय, माझ्याकडे बघून दाबलंय, आणि आवडीचं काय त्याच्या, तर हेच. मिओरीला ठाऊक, तिच्या आईला ठाऊक, मिशीला अंडी चिकटलेल्या त्या माणसाला ठाऊक. सत्तावीस वर्षांचा झाला, त्याला काय आवडतं ते मला त्या चिकट टेबलावर कळलं. मग त्याला त्यांचं नाव लावायला किती वेळ लागणार? तो तर केव्हाच तिथला होता. मी रविवारी दुकानात दुसऱ्यांच्या लेकींना किमोनो नेसवत होते, आणि इकडे माझं घर त्या हॉटेलात जेवत होतं.

मग काय, खाल्ली मी. ताटली पुढे ओढली आणि खाल्ली. सगळे हसायचे थांबले. शुन्पेई म्हणाला, आई, नको, राहू दे. मी म्हटलं, का, नेगिशींच्या घरातलं सगळ्यांनी खाल्लंय, मी तेवढी परकी? श्वास धरून एकेक घास. तार सुटायची काट्यापासून ओठापर्यंत, हनुवटीला चिकटायची, कोळिष्टक लागावं तशी, रुमालानं पुसली तर रुमालाला. दोनदा वर आलं, दोनदा गिळलं. शेवटचा दाणा सुद्धा ठेवला नाही. मग किमोनोची गळपट्टी सारखी केली, वाकून नमस्कार केला, जेवण छान होतं म्हटलं, आणि निघाले. पुलाजवळ गेल्यावर ओकले. शुन्पेई मागून धावत आला होता, त्यानं पाठीवर हात ठेवला, मी झटकला. लग्न कर, म्हटलं, नाव हवं ते लाव, मला विचारू नकोस.

आता सांगा. त्या माणसाशेजारी मी दगडाखाली जाऊन पडू? खोटारडा. चव घेतली त्याची किळस नाही मला एवढी, माणसाची जीभ आहे — पण माझ्यासमोर बसून रात्री माझ्या हातचं खायचं, छान झालंय म्हणायचं, आणि पोटात ते.

काय? तुम्ही पण? तुम्ही बघितलं होतंत त्यांना कानाईंकडे? म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक, राहिलं कोण मग. तुम्ही काय खायचात तिथं — नको, सांगू नका.

नदीकाठानं? कानाईंकडून आमच्या घरी यायला नदीकाठ कशाला लागतो, तो उलटा रस्ता. जानेवारीत? डोंगरावरून तो वारा सुटलेला असताना, ज्यात तुमच्या इथले पत्रे उडतात? आणि कोट उघडे टाकून कशासाठी — दोघंही? पोराचे कान लाल व्हायचे, मला आठवतंय, मी ओरडायचे, कुठं होतात एवढ्या वाऱ्यात, तर म्हणायचे, फिरत होतो. दर रविवारी मी आल्याचं गरम पाणी करून द्यायचे दोघांना.

तुम्ही विचारलंत त्यांना? काय म्हणाले?

नाही, जसं म्हणाले तसंच सांगा, तुमच्या शब्दांत नको.

वास जायला. तिला त्रास होतो म्हणून.

दर रविवारी?

असू दे. घाण ती घाणच, वारा लागून काय चांगली होणार आहे. छिन्नी राहू दे आज. नाव ठेवा असं मी म्हटलेलं नाही, आज नको म्हटलं, पुढच्या आठवड्यात येईन, नाहीतर नाही येणार, मला ठरवू द्या. आणि असे माझ्या तोंडाकडे बघत बसू नका हो, जा ना, बाहेर तुमचं यंत्र चालू आहे कधीचं.