सिस्टर एलियाम्मा घरी आली

पौलोस : बॅग खाली ठेव, एलियाम्मा. निघालीस कुठं?

एलियाम्मा : कुवेतला. सोडा हात.

पौलोस : तिथं आता कोण बसलंय तुझ्यासाठी? हार घालून हॉस्पिटलवाल्यांनीच निवृत्तीची पाठवणी केली ना?

एलियाम्मा : नर्स म्हणून नको तर नको. फरशी पुसेन वॉर्डातली. निदान कुणी 'सिस्टर' म्हणून हाक तरी मारेल.

पौलोस : इथं मी आहे की हाक मारायला.

एलियाम्मा : तुम्ही? अहो अच्चाया, ओणमच्या सणाला आले मी, किती दिवस झाले त्याला! अजून विचारता, 'साखर किती घालू?' पाहुणीला विचारल्यासारखं.

पौलोस : मग कसं कळणार? वर्षातून महिनाभर यायचीस, तोही पाहुण्यांच्या गराड्यात जायचा.

एलियाम्मा : आज शेजारच्या रोसम्मानं मला बघून आतून कडी घातली. तिच्या सासूचं बीपी बघायला गेले होते मी. यंत्र हातात घेऊन पायरीवर उभी!

पौलोस : रोज दोनदा जातेस गं. म्हातारीला वाटतं, आपलं काही खरं नाही.

एलियाम्मा : मग करू काय मी? लेकीचा, जिन्सीचा फोन आला की पहिला प्रश्न, 'अप्पा कुठायत?' घर माझ्या पगारावर उभं राहिलं आणि त्यात मलाच बूड टेकायला जागा नाही. काल विहिरीच्या कठड्यावर बसले होते, अच्चाया. बराच वेळ. खाली बघत.

पौलोस : पाहिलं मी.

एलियाम्मा : पाहिलंत? आणि बोलला नाहीत?

पौलोस : नारळ सोलत तिथंच उभा राहिलो. तू उठेपर्यंत. तुला समजावणार काय? माझीही गत तीच.

एलियाम्मा : तुमची कशी?

पौलोस : गाव मला 'नर्सचा नवरा' म्हणून हसायचं. हसू दे म्हटलं. जिन्सीच्या वेण्या घातल्या, आईचं हगणंमुतणं काढलं. आई गेली, पोरगी सासरी गेली. राहिली एक चूल. तू आलीस आणि पदर खोचून म्हणालीस, 'आता तुम्ही बसा, मी बघते.' कुठं बसू, एलियाम्मा?

एलियाम्मा : ...मला वाटलं, तुम्हाला विसावा देतेय.

पौलोस : ते कळतं गं.

एलियाम्मा : तिकीट नाहीये माझ्याकडे. व्हिसाही संपलाय.

पौलोस : ठाऊक आहे.

एलियाम्मा : मग अडवलंत कशाला?

पौलोस : इतक्या वेळा गेलीस. एकदाही अडवलं नव्हतं.