अंगणातला लिंब आणि दगडू आप्पा

घरमालकाच्या कारभाऱ्याला शिव्या घालणारे भाडेकरू तुम्हाला गल्लोगल्ली भेटतील, पण आमचे दगडू आप्पा म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. स्वराज्याच्या आधीची गोष्ट सांगतो. नंदुरबारात आमच्या चाळीचा मालक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि चाळीचं सगळं आप्पाच बघायचे. एका उन्हाळ्यात मालकाच्या डोक्यात आलं, की अंगणातला कडुलिंब तोडून तिथं आणखी खोल्या काढायच्या. मालकानं विचारलं की आप्पा म्हणायचे, "हां मालक, तोडसू," आणि लिंब आपला जागेवर!

शेवटी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मालक चिडून स्वतःच कुऱ्हाडवाले घेऊन आला. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकी माहेरी यायचा सण. लिंबाला झोका बांधलेला, भोवती बाया गाणी म्हणताहेत. मालक फाटकातूनच ओरडला, "आप्पा, उठाडा त्या बायास्ले! झोका सोडा!"

आप्पा जागचे हलले नाहीत. "मालक, भाडेकरूस्ले उठाडानं काम मन्हं शे. मालकनी पोरले उठाडानं काम तुमनं."

मालकानं वर पाहिलं. झोक्यावर त्याचीच लेक, आखाजीला सासरहून आलेली. ती तिथूनच ओरडली, "बाबा, झोका द्या ना!"

मालकानं मुकाट्यानं झोका दिला. मग कुऱ्हाडवाल्यांना परत पाठवलं आणि जाताना आप्पांना म्हणाला, "खोल्यास्नं पुढला साल देखू."

"हां मालक," आप्पा म्हणाले, "पुढल्या आखाजीले बी ताईले तुमना घरथून झोकावर मीच लई येसू."