फुकट तिकिटाचा रकाना

विमानाचा विषय काढलात म्हणून सांगतो. आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, द्राक्षांचे व्यापारी. महिन्यातनं चारदा पुण्याहून विमानानं दिल्लीला. आई गेल्यापासून बावड्याच्या घरात मी एकटाच. मी बारामतीचं कॉलेज सोडलं, हे त्यांना तीन महिन्यांनी कळलं, तेही परक्याकडून.

एकदा आले ते विमान कंपनीच्या क्रेडिट कार्डाचा फॉर्म घेऊन. म्हणाले, "सगळं इंग्रजी हाय. वाच आन् सांग, घेण्याजोगं हाय का. तेवढं तरी येत आसंल."

मी वाचलं. म्हटलं, "जितकं फिराल तितके पॉइंट. वर्षाची फी हाय, पण तुमाला परवडंल. जो घरी थांबतो, त्याला कायबी न्हाय."

टोमणा कळलाच नाही. उलट खूश झाले. "बघ, फिरणाऱ्याची किंमत त्यास्नी हाय!"

"पॉइंट साठले की घरचं एक माणूस फुकट नेता येतं," मी म्हटलं. "त्याचं नाव आत्ताच लिहायचंय."

खरं सांगतो, विमानाचं मला काही अप्रूप नव्हतं. पण दोन तास त्यांना माझ्या शेजारनं उठून जाता आलं नसतं.

तात्यांनी जरा विचार केला. "सोड ती जागा कोरी. घरात हाय कोन आता?"

मी समोरच बसलो होतो. सहीसाठी पेन त्यांच्याकडं सरकवलं आणि म्हटलं, "घ्या कार्ड, तात्या. तुमच्यासाठीच काढलंय."