नववा खांब

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून घेऊन शिक्षिकाबाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या दोघा भावांचं बोलणं कानांवर पडतच होतं.

"कुंपणाचे खांब रोवून झाले, दादा. ट्रॅक्टरच्या लोडरनं वरून दाबलं की खांब सरळ जमिनीत."

"किती दिवस लागले?"

"दिवस कसले? दुपारपर्यंत चाळीस."

"आपल्या वेळी पहारीनं खड्डे खणून हाताला फोड यायचे."

"आणि अण्णा एक डोळा मिटून रांग बघायचे. केसभर चुकलं तरी उपटा."

"जेवण गार झालं तरी चालेल, पण आधी उपटा."

"तेव्हा काय राग यायचा."

"आता तरी सगळे ओळीत आहेत ना?"

"एकोणचाळीस आहेत."

"आणि एक?"

"नववा मुद्दाम वाकडा दाबलाय."

"वेड लागलंय का तुला?"

"आज त्यांच्या डोळ्याची पट्टी निघतेय, दादा. घरी गेल्यावर अण्णांना काहीतरी सापडायला नको?"

दार उघडलं, काठी टेकत कुणीतरी बाहेर आलं.

"कुंपण झालं म्हणे?"

"झालं, अण्णा," थोरला म्हणाला. "अगदी सुतात आहे."

"ते मी ठरवीन. चला."